पोटातला जंतू आणि आतड्याचा कर्करोग

गेल्या पावसाळ्यात पाथर्डीकडचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ५५, धंदा शेतीचा, हातात वर्तमानपत्राचे कात्रण. "डॉक्टरसाहेब, जठरातल्या जंतूने आतड्याचा कॅन्सर होतो असं छापून आलंय. मला दहा वर्षं पित्ताचा त्रास आहे. त्या जंतूचं औषध लिहून द्या, म्हणजे घोर मिटला." मी विचारले, "मामा, शौचावाटे कधी रक्त पडतं का?" ते जरा थांबले. "पडतं अधूनमधून. पण ती मूळव्याध आहे. सहा महिने झाले."

कधी न तपासलेल्या जंतूची त्यांना धास्ती होती आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या रक्ताची मात्र नव्हती. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

हा जंतू कोणता?

त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जंतू तग धरू शकत नाही, असे डॉक्टरमंडळी वर्षानुवर्षे मानत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हा समज खोटा ठरवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! जठरातील व्रणांचे मोठे कारण हा जंतू आहे, हे पुढे सिद्ध झाले आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवले. पण ते जठराच्या कर्करोगाच्या बाबतीत.

हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दाटीवाटीची वस्ती, अस्वच्छ पाणी व शौचालयाचा अभाव असेल तेथे तो अधिक आढळतो. बहुसंख्य लोकांना त्याचा जन्मभर काहीही त्रास होत नाही.

मोठ्या आतड्याशी संबंध काय?

अमेरिकेत १९९९ ते २०१८ या काळात या जंतूसाठी तपासलेल्या ८ लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जंतू असलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळले. जंतू सापडूनही उपचार न घेतलेल्यांत, उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत, रोगाचे प्रमाण २३ टक्के आणि त्याने होणारे मृत्यू ४० टक्के अधिक होते.

१८ टक्के हा आकडा मोठा वाटतो. समजा, हजार माणसांपैकी दहा जणांना हा रोग होणार असेल, तर जंतू असलेल्या हजारांत तो बारा जणांच्या आसपास होईल. म्हणजे धोका वाढतो, पण थोडा.

जठरातला जंतू दूरच्या आतड्यावर परिणाम कसा करतो? जंतूमुळे जठराचे आम्ल आणि गॅस्ट्रिन नावाचा स्राव यांचे प्रमाण बदलते. आतड्यातील इतर जंतूंचा समतोलही बिघडतो. जर्मनीत म्युनिक येथील संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, या जंतूमुळे आतड्याच्या संरक्षक थरावर जगणारे सूक्ष्मजंतू वाढलेले आणि गाठी अधिक झालेल्या दिसल्या. माणसाच्या बाबतीत मात्र संबंध दिसला आहे, कारण सिद्ध झालेले नाही.

आपल्याच शेजारचे उदाहरण पाहा. जामखेडच्या पलीकडे बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांत बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून १९८७ पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातील ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. आपल्या देशात हा जंतू खूप पसरलेला आहे. तरी तेथील खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी आढळला. एकट्या जंतूनेच हा रोग होत असता तर असे दिसले नसते. वय, घराण्यातील रोग, लठ्ठपणा, दारू, तंबाखू, बैठे काम, चोथा नसलेला आहार ही कारणे आहेतच. भाकरी-पालेभाजी सुटून मैदा आणि तळकट वाढले आहे, हे आपण पाहतोच आहोत.

मग करावे काय?

वारंवार पित्त होणे, पोटात व्रण, अकारण रक्त कमी होणे किंवा घरात कोणाला जठराचा कर्करोग झालेला असणे, अशा वेळी जंतूची तपासणी जरूर करावी. ती श्वासाची, शौचाची किंवा दुर्बिणीतून जठराचा तुकडा घेऊन होते. रक्ताच्या तपासणीवर विसंबू नये. जंतू गेल्यावरही ती बराच काळ दोष दाखवते.

जंतू सापडला तर तीन-चार औषधे साधारण १४ दिवस घ्यावी लागतात. दुकानातून स्वतःहून गोळ्या आणू नयेत आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. अर्धवट उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासा होतो. बिस्मथच्या गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नये. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्री करावी.

जंतू घालवला म्हणजे आतडे सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, वजन घटणे, औषध चालू नसता डांबरासारखे काळे शौच, पन्नाशीनंतर अकारण पंडुरोग यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना गाठावे. मूळव्याध असली तरी आत दुसरे काही नाही, हे पाहून घ्यावे लागते. हा कर्करोग बहुधा साध्या गाठीतून, कित्येक वर्षांनी होतो. ती गाठ दुर्बिणीतून वेळीच काढली तर रोग टळतो.

घरात शुद्ध पाणी आणि शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुणे, हे तर मुलांच्या जन्मापासून हवे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना हाताशी धरून आरोग्याचे हे साधे धडे घरोघरी पोचवले. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही.

मामांच्या दोन्ही तपासण्या झाल्या. जठरात जंतू निघाला आणि मोठ्या आतड्यात एक गाठ. जंतूमुळेच गाठ झाली, असे मी म्हणणार नाही. गाठ दुर्बिणीतूनच काढली. तिच्यात कर्करोग नव्हता. निघताना मामा म्हणाले, "कात्रण आणलं ते बरं झालं." मी म्हटले, "मामा, रक्ताचं सांगितलंत ते त्याहून बरं झालं."