परीक्षेचे दार आणि मायबोलीची किल्ली

“गुरुजी, मराठी शिकून पोराले नोकरी लागन का?”

तामसी भागातील गावांत शाळाप्रवेशासाठी घरोघर फिरताना आम्हा शिक्षकांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्या बापाचे काही चुकत नाही. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी निजामाच्या राजवटीत सरकारी कामापुरती उर्दू शिकून घेतली. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मराठी मुलखात गेले. आपण आंध्र प्रदेशात राहिलो आणि कचेरीत हळूहळू तेलुगू आली. 2014 मध्ये तेलंगणा झाले तरी ती कायम आहे. तेव्हा पोराच्या नोकरीचा घोर वाटणारच. म्हणूनच सरकारी नोकरीचे दार गुणवत्तेवर कसे उघडत गेले, हे पालकांनी एकदा समजून घ्यावे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बड्या जागा वशिल्याने मिळत. कंपनीचे संचालक ज्याचे नाव सुचवीत, तो साहेब होऊन इकडे येई. 1853 च्या सनदी कायद्याने ही चाल मोडली. मेकॉलेच्या समितीने नियम ठरविले आणि 1855 मध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली, पण ती लंडनला! 1863 मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे त्यात निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. पुढे 1878 पासून वयाची मर्यादा 21 वरून 19 वर आणली गेली. एवढ्या कोवळ्या वयात इथल्या मुलाने विलायत गाठावी कशी? परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, असे दादाभाई नौरोजी सांगत राहिले. 1893 साली कॉमन्स सभेने तसा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. अखेर 1922 मध्ये अलाहाबादला परीक्षा सुरू झाली.

दार जवळ आले, तरी कुलूप इंग्रजीचे होते. 1950 मध्ये संघ लोकसेवा आयोग आला, तरीही खेड्यातल्या हुशार मुलाला आपले ज्ञान परक्या भाषेतच मांडावे लागे. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीने ही अडचण ओळखली. 1979 पासून मुख्य परीक्षेची उत्तरे आठव्या अनुसूचीतील भाषांत लिहिण्याची मोकळीक मिळाली. भूषण गगराणी यांनी मराठी माध्यमातून परीक्षा देऊन देशात तिसरा क्रमांक मिळविला व ते 1990 च्या तुकडीत सनदी सेवेत गेले. मार्च 2013 मध्ये या सवलतीवर जाचक अटी घालण्यात आल्या. तेव्हा मोठी ओरड झाली आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. मिळालेला हक्कही राखावा लागतो, हा त्यातला धडा.

आता आपली गंमत पाहा. तामसीची मुलगी देशाच्या कलेक्टरपदाची मुख्य परीक्षा मराठीत लिहू शकते. तेलंगणाच्या ग्रुप-1 मुख्य परीक्षेत मात्र इंग्रजी, तेलुगू आणि उर्दू एवढ्याच भाषा आहेत. 1956 मध्ये केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण मान्य केले, त्यात राज्याची भाषा आधी येण्याची अट नको, तिची चाचणी निवडीनंतर घ्यावी, हे तत्त्व आहे. परंतु परीक्षा आपल्या भाषेत देण्यासाठी राज्यात त्या भाषेचे 15 ते 20 टक्के लोक हवेत. तेवढे आपण नाही. म्हणून मागणी करीत राहायचे आणि तयारीही करायची.

पालकांना आमचे सांगणे एवढेच आहे. मुलांचा पाया मराठीत घाला, कारण समज मायबोलीतच पक्की होते. तेलुगू मनापासून शिकवा; ती शेजाऱ्याची आणि कचेरीची भाषा आहे, तिच्याशी वैर कशाला? इंग्रजीला भिऊ देऊ नका, कारण आयोगाची पूर्वपरीक्षा हिंदी व इंग्रजीतच असते आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीची सक्तीची पत्रिका उत्तीर्ण व्हावी लागते.

वशिल्याचे दार मोडायला कायदा लागला, लंडनचे दार इकडे आणायला कितीतरी वर्षे लागली. आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेले दार आपणच लोटून घेऊ नये. यंदा पोरीचे नाव शाळेत घालताना एवढे ध्यानात ठेवा.