जंगलाचा ‘सर्च रिपोर्ट’ काढलाय का?

थेक्कडीच्या जंगलातली सकाळ. साठीच्या घरातला आमचा गाईड चालता चालता एका झाडापाशी थांबला, सालीवर हात ठेवला आणि हसून म्हणाला, ‘‘पूर्वी मी हीच साल चोरून न्यायचो!’’ रानदालचिनीची साल ती, तिकडच्या भाषेत ‘वायना’. आमचा अख्खा ग्रुप गप्प. म्हणजे चक्क एका एक्स-चोराच्या भरवशावर आम्ही हत्तींच्या राज्यात फिरत होतो!

केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पाची हीच तर खासियत. चोरी सोडा, त्याबदल्यात जंगलातच गस्तीचं आणि गाईडचं काम घ्या, असा सौदा वनखात्याने या मंडळींशी केला. जंगल त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

याला पैसा आला १९९६ मध्ये मंजूर झालेल्या ‘इंडिया इकोडेव्हलपमेंट प्रोजेक्ट’मधून. जागतिक बँक आणि ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटीची मदत, सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर्सचं बजेट आणि देशातली ७ जंगलं.

सेम पैसा, दुसरं जंगल

या सातांत कर्नाटकातलं नागरहोळेही होतं. तिथे जेनू कुरुबांसारखे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या पोटात राहत आले. १९९८ मध्ये त्यांच्या वतीने एका संघटनेने थेट जागतिक बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे तक्रार केली. म्हणणं साधं होतं. आमच्या घरादाराचा प्लॅन ठरला आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही!

खरं तर बँकेचे नियम तेव्हाही होते. आदिवासींशी आधी सल्लामसलत करा, विस्थापन शक्यतो टाळा, वगैरे वगैरे. पॅनेलने पाहणी केली आणि सखोल चौकशीची शिफारस केली. संचालक मंडळाने मात्र चौकशीला मंजुरी दिली नाही. नियम होते, पण फाईलमध्ये.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मे २०२५ मध्ये सुमारे ५० जेनू कुरुबा कुटुंबं हक्क मागत जंगलातल्या आपल्या जुन्या जागी परतली.

होम लोन आठवतंय?

फ्लॅट घेताना बँकेने आपल्याला किती पळवलं होतं! टायटल क्लिअर आहे का, सर्च रिपोर्ट कुठाय, सोसायटीची एनओसी आणा... मग जंगलासाठी पैसे देताना त्या जमिनीचा सर्च रिपोर्ट नको का?

यालाच म्हणायचं ‘सेफगार्ड्स’. तिथे कोण राहतं, कोण गुरं चारतं, कोण मध गोळा करतं? त्यांना आधी, त्यांच्या भाषेत विचारलं का? रोजगार बुडाला तर पर्याय काय? तक्रार करायची कुठे? आणि निसर्गाचं भलं करायला जाऊन त्याचंच नुकसान तर होत नाही ना?

जैवविविधता कराराच्या २०१४ च्या प्योंगचांग परिषदेत यासाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली, पण ऐच्छिक. जागतिक बँकेने २०१८ मध्ये आपली नियमावली नव्याने आणली. आणि पैसा तर वाढणारच आहे. जैवविविधतेसाठी २०३० पर्यंत दरवर्षी किमान २०० अब्ज डॉलर्स उभे करायचे, असं २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलंय. पैसा जितका मोठा, तितकी विचारपूस जास्त हवी.

आणि आपलं ऑफिस?

तुम्ही म्हणाल, बँकेचं ते बँक बघेल, आमचा काय संबंध? संबंध आहे ना बॉस! कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे असतात, आणि पर्यावरण त्या यादीत आहेच. म्हणून तर ‘या शनिवारी ट्री प्लँटेशन, टी-शर्ट फ्री’ अशा मेल्स येतात.

माझी एक मैत्रीण अशाच एका कंपनीच्या सीएसआर टीममध्ये आहे. तिच्या टेबलावर प्रपोझल आलं, पुण्याजवळच्या एका ‘ओसाड’ माळावर हजारो झाडं लावायची. थेक्कडीहून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘‘सही करायच्या आधी दोनच प्रश्न विचार. तिथे आत्ता काय जगतंय? आणि कोण?’’

चार दिवसांनी तिचा फोन. ‘‘अगं, तो माळ ओसाड नाहीच! गवताळ रान आहे. लांडगे आहेत, चिंकारा आहेत. दर वर्षी धनगरांची मेंढरं तिथे चरायला येतात. आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.’’

माळावर दाट झाडं आली की गवत मरतं. गवत गेलं की चिंकाराही जातो आणि मेंढरांचा चाराही. म्हणजे आपल्याच टी-शर्टवाल्या शनिवारने दोघांचं पोट मारायचं!

प्रपोझल तिने परत पाठवलंय. बॉस वैतागलाय, टार्गेट लांबलंय. पुढच्या शनिवारी ती स्वतः त्या माळावर जाणार आहे, धनगरांना भेटायला. मीही जातेय. तुमच्या ऑफिसची मेल आली, तर ‘आय अ‍ॅम इन’ टाइप करण्याआधी तेवढे दोन प्रश्न तुम्हीही विचारून बघा!