शटर उघडण्याआधी पंधरा मिनिटं स्वतःसाठी



उधारीच्या वसुलीवर आपण बरंच बोललोय. आज वसुलीचा फोन लावण्याआधी डोकं थंड कसं ठेवायचं, ते बघूया.

माझाच अनुभव सांगतो. मी छपाईचा छोटा धंदा करायचो. एका जुन्या गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा पेमेंट पुढे ढकललं, आणि नेमका त्याच दिवशी बँकेचा हप्ता होता. रागाच्या भरात मी व्हॉट्सॲपवर नको ते लिहून बसलो. पैसे महिनाभरानं आले, पण गिऱ्हाईक कायमचं तुटलं. दोन मिनिटं थांबलो असतो, तर ते टिकलं असतं.

हे दोन मिनिटांचं थांबणं मला योगानं शिकवलं.

योग म्हटलं की आपल्याला अंग वाकवणं आठवतं. पण पतंजलींनी योगाची व्याख्याच मनावर केली आहे: मनातली खळबळ शांत करणं. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले.

आत नेमकं काय होतं?

ताण आला की शरीर जणू संकटाशी दोन हात करायला उभं राहतं. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, जबडा आवळला जातो. ठोक्यांना 'हळू चला' असं सांगता येत नाही, पण श्वास आपल्या हातात आहे. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात. म्हणून श्वास सावकाश आणि लांबवर सोडला, की शरीराला निरोप जातो: संकट टळलं. मग मनही खाली बसतं.

रोज काय करायचं?

१. पाच मिनिटं ताडासन आणि मान-खांद्यांच्या हलक्या हालचाली.
२. पाच मिनिटं श्वास: चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सोडा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण बारा ते वीस घेतो. ओढूनताणून करू नका, श्वास रोखू नका.
३. तीन मिनिटं भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं.
४. दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं बसणं.

रात्री डोक्यात हिशेब फिरत असतील, तर अंथरुणावरच शवासन करा.

फायदा कुठे दिसेल?

राग येणं बंद होणार नाही. पण राग आलाय हे वेळेवर कळेल, आणि तिथेच अर्धी लढाई जिंकली. गिऱ्हाइकाचं बोलणं पूर्ण ऐकाल. घरी गेल्यावर दुकानाचा वैताग बायको-मुलांवर निघणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. योगानं हप्ते फिटत नाहीत, ते धंद्यानंच फेडायचे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. त्यात लाज कसली? मशीन बिघडलं की मेकॅनिक बोलावतोच ना आपण!

या आठवड्याचा गृहपाठ: सात दिवस करून बघा. रात्री रोजकीर्द लिहिताना खाली एक ओळ वाढवा: 'आज रागात काय केलं?' आठव्या दिवशी सगळ्या ओळी सलग वाचा. स्वतःचा हिशेब स्वतःलाच कळेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, आणि स्वतःलाही जपा!