सुगंधी तेलांचें मर्दन : लाभ आणि मर्यादा

सुगंधी तेलांनीं अंग चोळून घेण्याचा उपचार मोठ्या शहरांतून आतां 'अरोमाथेरपी' या नांवानें रूढ झाला आहे. नरकचतुर्दशीच्या पहांटे अभ्यंगस्नान करणाऱ्या महाराष्ट्राला तेलाची व सुवासाची जोडी नवी नव्हे. परंतु हें नांव फ्रान्समधून आलें. रेने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञानें १९३७ सालीं याच नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या उपचाराला मर्दनाची जोड देण्यांत मार्गरीत मोरी या बाईंचा वांटा मोठा. त्यांचा ग्रंथ १९६१ सालीं निघाला.

लॅव्हेंडरच्या फुलांतून किंवा निलगिरीच्या पानांतून वाफ सोडली, कीं त्यांतील सुवासिक अंश वाफेबरोबर बाहेर पडतो. ती वाफ थंड झाली म्हणजे पाण्यावर तेल तरंगूं लागतें. हें तेल इतकें तीव्र असतें, कीं तें निव्वळ अंगाला लावावयाचें नसतें. बदामाच्या किंवा तिळाच्या तेलांत तें सामान्यतः शेंकडा १ ते ३ या प्रमाणांत मिसळतात.

जाणता उपचारक तेलाला हात लावण्यापूर्वीं विचारपूस करतो. दमा, अपस्मार, त्वचेचे विकार, गर्भारपण, चालूं असलेलीं औषधें, यांची माहिती त्याला हवी असते. जो हें विचारीत नाहीं, त्याच्या हातीं शरीर न देणें बरें. मर्दन ऊबदार, शांत खोलींत होतें. अंगावर चादर असते आणि जेवढा भाग चोळावयाचा तेवढाच उघडा केला जातो. दाब दुखेल इतका झाल्यास तत्काळ सांगावें. वेदना सोसण्यांत गुण नाहीं. शेवटीं थोडी गुंगी येते, म्हणून लगेच वाहन चालवूं नये.

गुण येतो तो कशानें? हातांच्या दाबानें ताठलेले स्नायु सैल होतात. वासाची संवेदना मेंदूंतील भावना व स्मृति यांच्या केंद्रांशीं निकट जोडलेली आहे. त्यामुळें कांहीं काळ चिंता कमी वाटते, झोपही बरी लागते. यांत सुवासाचा वांटा किती व हाताचा किती, हें ठरविणें कठीण. कारण परीक्षेच्या वेळीं रोग्यापासून वास लपवितां येत नाहीं. ब्रिटनमधील कित्येक शुश्रूषागृहांत कर्करोगाच्या रोग्यांना हें मर्दन मिळतें, पण तें औषधोपचारांबरोबर, केवळ आराम म्हणून. त्यानें गांठ विरत नाहीं. या भरंवशावर जो शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतो, तो मोलाचा काळ गमावतो.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रमच. बर्गमॉट फळाच्या सालीचें दाबून काढलेलें तेल लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजते. विंटरग्रीनचें तेल वॉरफरीन घेणाऱ्यांत रक्तस्राव वाढवूं शकतें. निलगिरीचें तेल मुलाच्या पोटांत गेल्यास झटके येऊं शकतात. म्हणून बाटली मुलांच्या हातीं लागतां कामा नये. जुन्या, हवा लागलेल्या तेलानें पुरळ उठण्याचा संभव अधिक. भेसळही जुनीच आहे : खानदेशांतील रोशा गवताचें तेल एके काळीं मुंबईहून तुर्कस्थानांत जाई व तेथें गुलाबाच्या तेलांत मिसळलें जाई.

तेव्हां मिसळलेलें तेल आदल्या दिवशीं कोपराच्या आंतल्या बाजूस थोडें लावून पहावें. मर्दनाकडून विश्रांतीची अपेक्षा अवश्य ठेवावी. मात्र ताप, सुजलेला व दुखरा पाय, अथवा न उलगडलेलें दुखणें असेल, तर पाऊल प्रथम डॉक्टराकडे वळावें.