चार जोड्यांचे गणित

घर आणि कार्यालय यांच्यात आठवडा वाटून घेणाऱ्या हायब्रिड कार्यपद्धतीत लॅपटॉप रोज या टेबलावरून त्या टेबलावर जातो. मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेटची तार आणि चार्जर मात्र जागचे हलत नाहीत. या स्थिर पसाऱ्याशी फिरत्या यंत्राची गाठ एकाच तारेने घालून देणारी पेटी म्हणजे डॉकिंग स्टेशन, किंवा रोजच्या बोलण्यात नुसते ‘डॉक’. कल्पना जुनी आहे. ॲपलने १९९२ साली बाजारात आणलेल्या ‘ड्युओ डॉक’मध्ये अख्खा लॅपटॉप व्हिडिओ कॅसेटप्रमाणे आत सरकवावा लागे. त्यानंतरही बराच काळ प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी राहिल्यामुळे डॉक हा महागडा आणि लॅपटॉप बदलताच निरुपयोगी होणारा जोडीदार ठरला. २०१४ मध्ये यूएसबी टाइप-सी या जोडणीचे खुले मानक प्रसिद्ध झाले आणि हे चित्र पालटू लागले. आज दोन-चार हजार रुपयांत मिळणारे डॉक त्याच मानकाचे अपत्य आहे. मात्र ते स्वतः कोणतीही क्षमता निर्माण करत नाही, लॅपटॉपच्या एका पोर्टमधून जेवढे मिळते तेवढ्याचेच वाटप करते. त्यामुळे स्वस्त डॉकची निवड हा मुळात वाटपाचा हिशेब आहे.

टाइप-सीच्या त्या चिमुकल्या तोंडात २४ पिना असतात आणि त्या अशा सममितीने मांडलेल्या असतात की प्लग उलटा घातला तरी जोडणी बिनचूक होते. अतिवेगवान माहितीसाठी त्यांत तारांच्या चार जोड्या राखलेल्या असतात. जोडीतील एका तारेवरून मूळ संकेत आणि दुसरीवरून त्याचे उलट रूप धावते. पलीकडचे यंत्र या दोहोंतील फरक तेवढा मोजते, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडलेला बाहेरचा विद्युत-गोंगाट वजाबाकीत नाहीसा होतो. याशिवाय जुन्या यूएसबी २.० साठी सेकंदाला ४८० मेगाबिट वाहणारी एक स्वतंत्र वाट असते, आणि प्लग सुलटा आहे की उलटा, वीज कोणी कोणाला पुरवायची, चित्रसंकेत पाठवायचे की नाही, या वाटाघाटींसाठी वेगळ्या पिना असतात. वाटाघाटीत दोन्ही बाजूंची संमती झाली, तर चार जोड्यांपैकी काही किंवा सर्व जोड्या यूएसबीचे काम सोडून ‘डिस्प्लेपोर्ट’ या चित्रवाहक मानकाच्या सेवेत रुजू होतात. या व्यवस्थेला ‘ऑल्टरनेट मोड’ म्हणतात. सर्वच लॅपटॉपांच्या टाइप-सी पोर्टमध्ये ही सोय नसते, आणि नुसते तोंड पाहून ती ओळखता येत नाही. म्हणून डॉकच्या खोक्यावरील मजकुराआधी लॅपटॉपची माहितीपुस्तिका वाचणे अगत्याचे ठरते.

बहुतेक स्वस्त डॉक दोन जोड्या चित्राला आणि दोन जोड्या पेनड्राइव्ह, कॅमेरा, इंटरनेट यांसारख्या इतर कामांना देतात, आणि गोम इथेच आहे. ‘फोर-के’ मॉनिटरवर आडवे ३८४० आणि उभे २१६० असे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग २४ बिटांत लिहिला आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखले, तर सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. डिस्प्लेपोर्टच्या २०१० सालच्या १.२ आवृत्तीत एका जोडीचा कमाल वेग ५.४ गिगाबिट आहे. त्यातील एक-पंचमांश संकेत सुस्थितीत पोहोचवण्यासाठीच्या सांकेतिक मांडणीत खर्च होतो, म्हणजे दोन जोड्यांतून हाती लागतात ८.६४ गिगाबिट. १२ गिगाबिटांचे चित्र त्यात मावत नाही, आणि म्हणून अशा डॉकवर ‘फोर-के’ ही अक्षरे ठळक असली तरी शेजारी बारीक अक्षरांत ‘३० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. स्थिर मजकूर वाचताना हे जाणवत नाही. परंतु माउसचा बाण अडखळत सरकतो, लांबलचक तक्ता वर-खाली करताना ओळी तुटक दिसतात आणि दिवसभराच्या कामात डोळे त्याला कंटाळतात. लॅपटॉप आणि डॉक दोघेही प्रतिजोडी ८.१ गिगाबिटांच्या पुढील आवृत्तीचे असतील, तर दोन जोड्यांतून सुमारे १३ गिगाबिट मिळतात आणि ६० हर्ट्झचे चित्र जेमतेम बसते. याउलट साध्या ‘फुल एचडी’ मॉनिटरला ६० हर्ट्झवरही तीन-साडेतीन गिगाबिट पुरतात. तेव्हा बेताच्या खर्चात कार्यालयीन काम करायचे असेल, तर ३० हर्ट्झवर चालणाऱ्या एका फोर-के मॉनिटरपेक्षा दोन फुल एचडी मॉनिटर हा निःसंशय अधिक शहाणपणाचा पर्याय आहे.

अर्थात दोन मॉनिटरांचीही एक अट आहे. एकाच प्रवाहात दोन चित्रे गुंफून पाठवण्याच्या पद्धतीला ‘मल्टिस्ट्रीम ट्रान्सपोर्ट’ म्हणतात. विंडोज ती समजते, पण ॲपलची मॅकओएस प्रणाली तिचा वापर पडदा विस्तारण्यासाठी करत नाही, त्यामुळे मॅकला असे डॉक जोडल्यास दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र दिसते. ‘डिस्प्लेलिंक’ हे तंत्र वेगळी वाट काढते: लॅपटॉपचा प्रोसेसर चित्र आकुंचित करून साध्या यूएसबी माहितीच्या रूपात पाठवतो आणि डॉकमधील चिप ते पुन्हा उलगडते. कागदपत्रांच्या कामाला ते उत्तम. मात्र त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते, प्रोसेसरवर थोडा भार पडतो, आणि कार्यालयाच्या लॅपटॉपवर असे सॉफ्टवेअर बसवण्याची मुभा असतेच असे नाही.

विजेचे वाटपही याच चालीने होते. ‘पॉवर डिलिव्हरी’ या मानकानुसार चार्जर आणि यंत्र ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट यांपैकी कशावर व्यवहार करायचा हे आधी ठरवतात. २० व्होल्ट आणि ५ अँपिअर मिळून १०० वॉट होतात, आणि ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाहासाठी केबलमध्ये तिची क्षमता सांगणारी चिप असावीच लागते. (२०२१ पासून ही मर्यादा २४० वॉटपर्यंत वाढली आहे, परंतु स्वस्त डॉकांत ती शोधण्यात अर्थ नाही.) डॉक स्वतःसाठी आणि त्याला जोडलेल्या उपकरणांसाठी साधारण १० ते १५ वॉट बाजूला काढते. त्यामुळे ६५ वॉटचा चार्जर डॉकला लावला, तर लॅपटॉपच्या वाट्याला ५० वॉटच्या आसपास येतात आणि जड काम चालू असताना चार्जर जोडलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरू शकते.

महाराष्ट्रात पावसाळ्यात क्षणभर जाऊन परत येणारी वीज ही नवलाची गोष्ट नाही, आणि तिथे डॉकची खरी परीक्षा होते. वीज असताना डॉक लॅपटॉपला पोसते. ती जाताच भूमिका उलटून लॅपटॉपने डॉकला पोसायचे असते. हा बदल डॉकवरची उपकरणे बंद पडू न देता घडवण्यासाठी मानकात ‘फास्ट रोल स्वॅप’ ही तरतूद आहे, पण ती ऐच्छिक आहे. ती नसल्यास डॉक निमिषभर बंद पडून पुन्हा सुरू होते. मॉनिटर काळे होऊन परत उजळतात, इंटरनेट तुटून पुन्हा जोडले जाते आणि बाह्य हार्ड डिस्कवर त्याच क्षणी लिहिली जाणारी फाइल खराब होण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी चार्जर, मॉनिटर आणि राउटर यांना एकाच छोट्या यूपीएसचा आधार देणे आणि बाह्य डिस्क डॉकऐवजी थेट लॅपटॉपला लावणे, हे डॉकवर आणखी दोन हजार खर्च करण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

शेवटची अडचण अनेकांना माउसचा दोष वाटते. सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावणाऱ्या यूएसबी ३.० च्या संकेतांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात मोजमापांसह दाखवले आहे, आणि बिनतारी माउस-कीबोर्ड व ब्लूटूथ नेमक्या त्याच पट्ट्यात बोलतात. नखाएवढा रिसीव्हर डॉकवर पोर्टेबल डिस्कच्या शेजारी खोचला की डिस्कवर फाइल उतरत असताना बाण थबकतो आणि कीबोर्डची अक्षरे गळतात. रिसीव्हर हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने माउसजवळ आणला, किंवा लॅपटॉपच्या पलीकडच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावला, की हा त्रास बहुधा थांबतो.