जुना टायर, बंद भट्टी आणि आपण



गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या अन् टायरगाड्या दारात उभ्या राहतात. गुळगुळीत झालेले टायर बदलले जातात. जुना टायर एकतर गोठ्यामागे पडतो, नाहीतर भंगारवाला घेऊन जातो. पुढे त्याचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

रायगडच्या किनारपट्टीकडली, पेण-रोहा भागातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर घाटावर कोळसा पाडायला येतात. लाकडे रचून वरून पाला-माती लिंपतात आणि आत विस्तव देतात. माती कशाला? तर हवा कोंडायला. हवा मिळाली की राख, हवा तोडली की कोळसा!

टायरपासून तेल काढण्याची युक्ती हीच. फक्त आच बाहेरून द्यायची. टायरचे तुकडे लोखंडी बंद टाकीत साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. प्राणवायू नसल्यामुळे रबर पेटत नाही, त्याची वाफ होते. वाफ थंड केली की काळे तेल मिळते. १०० किलो टायरमधून ढोबळमानाने ४० ते ४५ किलो तेल, ३० ते ३५ किलो काजळी आणि १० ते १५ किलो तार निघते. उरलेला वायू बहुधा त्याच भट्टीखाली जाळतात. तेल कारखान्यांच्या भट्ट्यांना जळण म्हणून चालते. पण त्यात गंधक असते, तेव्हा ट्रॅक्टरच्या टाकीत ते ओतू नये.

ऐकायला हे टाकाऊतून टिकाऊ. पण तापलेल्या टाकीत हवा शिरली तर आतला वायू भडकतो. जानेवारी २०२५ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात अशा कारखान्यात स्फोट होऊन दोन महिला व दोन मुले दगावली. कोळशाच्या भट्टीची माती फुटली तर कोळसा जातो. इथे माणसं जातात.

म्हणूनच कायदा कडक झाला आहे. तेल काढण्यासाठी परदेशातील जुने टायर आणण्यास जुलै २०२२ पासून बंदी आहे. उरणच्या न्हावा-शेवा बंदरालाही ती लागू आहे. भट्टी चालवायची तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे. टायर उघड्यावर किंवा गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळू नये. भंगारात देताना माल कुठे जातो, ते विचारावे. आणि चांगलं भाडं देतो म्हणून कुणी टायरच्या भट्टीसाठी रान मागितलं, तर आधी मंडळाचा कागद पाहावा. कागद नसेल तर सरळ नाही म्हणावे. भट्टी दुसऱ्याची असली, तरी रान आपलं आणि शेजारीही आपलेच.