विंचू उतरतो कशाने?



भातकापणी आटोपून खळ्यावर पेंढा रचायचे काम सुरू झाले की कुठल्या ना कुठल्या वाडीतून बातमी येतेच, "अमक्याला विंचू चावला." माझे काम बियाणे, खते आणि कीड-रोगाचे. डॉक्टरकी माझी नव्हे. तरी आज हा विषय घेतला, कारण दोन वर्षांपूर्वी पीक प्रात्यक्षिकाच्या बैठकीला गेलो असता जे पाहिले ते अजून डोक्यातून जात नाही.

ज्यांच्या अंगणात बैठक होती त्यांची आठ वर्षांची मुलगी पेंढ्याजवळ खेळत होती. तिला विंचू चावला. घरच्यांनी चिंचोका उगाळून लावला, जाणत्याला बोलावले, त्याने मंत्र टाकला. पोरीचे रडणे कमी झाले. "उतरला," म्हणून सगळ्यांनी सुस्कारा टाकला. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम सुटला, दोन-तीन उलट्या झाल्या आणि हातपाय गार पडले. मग धावपळ. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला दवाखान्यात नेले. पोर वाचली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "दोन तास फुकट घालवलेत."

आता तुम्ही म्हणाल, साहेब, आमच्या जाणत्याने आजवर शेकडो विंचू उतरवलेत, ते काय खोटे? खोटे नाही. पण हिशेब चुकतो तो इथेच. सगळे विंचू सारखे नसतात. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या विषाने जीव जाण्याची भीती फारशी नसते. घात करतो तो लहानखुरा लाल विंचू. त्यातही तो दर वेळी भरपूर विष सोडतोच असे नाही. म्हणजे बरीच माणसे काहीही न करता बरी होणारच असतात, आणि श्रेय मंत्राला जाते. चिंचोक्याचेही तसेच. ओला उगाळला की तो कातडीला चिकटतो, वाळला की गळून पडतो. विंचू चावलेला नसला तरी हेच होईल, घरी करून पाहा.

शेतीत आपण असे फसत नाही. नवीन खत आले तर एका वाफ्यात ते टाकतो, शेजारच्या वाफ्यात नेहमीची पद्धत ठेवतो. जमीन तीच, पाणी तेच, बियाणे तेच. मग कापणीला वजन करतो. नुसते "यंदा पीक चांगले आले" म्हटले तर पाऊस चांगला होता की खत चांगले होते, कसे कळणार? औषधाची परीक्षाही अशीच घ्यावी लागते. आणि विंचवाच्या बाबतीत ती आपल्याच कोकणात, महाडला झाली आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकरी कुटुंबातले. १९७० च्या दशकात ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाने माणसे डोळ्यांदेखत दगावत होती आणि पुस्तकात ठोस उपाय नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवत गेले. त्यातून कळले ते असे : विषामुळे शरीरातच जोरदार रसायने सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरते. पाइपचे तोंड दाबून धरले तर मोटारीवर ताण येतो, तसेच. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची निरीक्षणे छापली. पुढे त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरली. पश्चिम भारतात १९६१ ते १९८३ या काळात गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, १९८४ पासून ही गोळी सुरू झाल्यावर ते प्रमाण दोन ते चारवर आले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

पण 'आधी इतके, नंतर इतके' हा हिशेबही कच्चाच, नाही का? मधल्या काळात रस्ते झाले, गाड्या आल्या, लोक लवकर पोहोचू लागले. म्हणून मला महत्त्वाची वाटते ती २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली महाडचीच चाचणी. विषाची लक्षणे दिसू लागलेले सत्तर रुग्ण. कोणाला कोणता उपचार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता, जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. पस्तीस जणांना फक्त प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या गोळीवर आठ, गोळी व लस मिळालेल्यांत बत्तीस. बरे व्हायला सरासरी वेळ लागला अनुक्रमे सुमारे अठरा तास आणि आठ तास. दोन वाफ्यांतला फरक बांधावरूनच दिसावा, असा हा प्रकार. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होते, दवाखानाही एकच होता, एवढी त्रुटी धरावी लागेल. परंतु पुद्दुचेरीत लहान मुलांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा कौलही त्याच बाजूने पडला.

ही गोळी घरात आणून ठेवू नका. ती वजनाप्रमाणे, डॉक्टरांनीच द्यायची असते. ती दिल्यावर रुग्णाला एकदम उठवून बसवले तर रक्तदाब पडतो, म्हणून आडवेच ठेवतात.

आपल्या हातात आहे ते एवढे. चावलेली जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. जाणत्याचा मान राखायचा असेल तर त्याला गाडीत बरोबर घ्या, मंत्र वाटेत म्हणू द्या. आमच्याकडे एक आजोबा हल्ली तसेच करतात, आणि त्यांचा मान कुठे कमी झालेला नाही. दुखणे थांबले म्हणजे विष उतरले, असे समजू नका. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, धाप ही खरी धोक्याची खूण, आणि लहान मुलांना धोका सर्वांत जास्त.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना विनंती, की येत्या मासिक सभेत आपल्या आरोग्य केंद्राकडे लेखी विचारणा करावी : प्राझोसिन आहे का, विंचवाची लस आहे का, नसल्यास जवळची कुठे मिळेल? रात्री कोणाची गाडी मिळेल ती नावे १०८ क्रमांकाच्या शेजारी फळ्यावर लिहावीत. आणि घरच्यांनी विंचू चावला की आधी घड्याळ पाहावे. किती वाजता चावला, घाम कधी सुटला, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, आणि त्या गडबडीत कोणालाच ते आठवत नाही.